गर्भारपणाचे मधले महिने

गर्भारपणाचे नऊ महिने, असे म्हणण्याची रीत घरोघर आहे. वैद्यकशास्त्र मात्र शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजते व या चाळीस आठवड्यांचे तीन भाग पाडते. पहिल्या भागातील ओकाऱ्या आणि अन्नाचा तिटकारा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. शेवटच्या भागात प्रसूतीची धास्ती साऱ्या घराला व्यापून टाकते. मधला भाग म्हणजे साधारणपणे १४ व्या आठवड्यापासून २७ वा आठवडा संपेपर्यंतचा काळ. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘आता तिला बरे वाटू लागले’ एवढे म्हटले की घरातील मंडळी निश्चिंत होतात.

बरे वाटते हे खोटे नव्हे. गर्भ रुजल्यावर रक्तात झपाट्याने वाढणारा एक अंतःस्राव तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आपली परिसीमा गाठून ओसरू लागतो, आणि त्याच सुमारास बहुतेकींची मळमळ शमते. भूक परत येते, झोप लागते, चेहऱ्यावर टवटवी दिसते. पोट अजून इतके वाढलेले नसते की उठणे-बसणे जड व्हावे. गर्भपाताची भीतीही पहिल्या तीन महिन्यांच्या मानाने पुष्कळच कमी झालेली असते. परंतु या स्वस्थतेच्या काळात दोन गोष्टी एकदमच घडत असतात. एक अशी, की जी गर्भिणीखेरीज दुसऱ्या कोणासही प्रथम कळत नाही. आणि दुसरी अशी, की जी खुद्द गर्भिणीलाही कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गर्भाची हालचाल. वास्तविक गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हालू लागतो. पण तो इतका लहान असतो की त्याच्या हालचालीचा धक्का गर्भाशयाच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. पहिलटकरणीला ही जाणीव बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होते. जिला आधी मूल झाले आहे तिला सोळाव्या आठवड्याच्या सुमारासही होते. याचे एक कारण असे, की दुसऱ्या खेपेस ती खूण तिच्या ओळखीची झालेली असते. पहिल्या खेपेस मात्र संभ्रमच फार. पाण्यात मासोळी सुळकन वळावी, बुडबुडा फुटावा, पोटात वारा सरकावा, अशी काहीतरी ती चाहूल असते. दुपारी जरा आडवे व्हावे, घर शांत असावे, आणि मग ती जाणवावी; उठून कामाला लागताच पुन्हा नाहीशी व्हावी. हे खरेच काही आहे की सकाळच्या उसळीचा परिणाम, असे आईला विचारावे की न विचारावे या संकोचात कित्येकींचे चार-आठ दिवस जातात. वार गर्भाशयाच्या पुढल्या बाजूस असेल तर ती मधे गादीसारखी पडते व हालचाल आणखी उशिरा कळते. शेजारणीला अठराव्या आठवड्यात कळले आणि आपल्याला विसाव्यातही कळत नाही, म्हणून झुरण्याचे कारण नाही. चोविसावा आठवडा भरूनही काहीच जाणवले नाही, तर मात्र वैद्याकडे गेले पाहिजे.

या एका जाणिवेला माणसांनी पूर्वीपासून केवढे महत्त्व दिले आहे! सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून त्या वेळच्या स्त्रीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असे नाव दिले आहे. तिला होणाऱ्या इच्छा या गर्भाच्याच इच्छा होत, अशी त्यामागची कल्पना. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. गर्भाचे हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारासच स्पंदन पावू लागते हे आज ठाऊक आहे, त्यामुळे ते कालमान अक्षरशः खरे मानता येणार नाही. पण यंत्र नसलेल्या काळात बाहेरून जे कळू शकत होते त्यावरच त्या विद्वानांना विसंबावे लागले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्लंडातील कायद्याने तर या हालचालीवर मरण आणि जीवन यांची रेघ ओढली होती. देहान्ताची शिक्षा झालेली स्त्री आपण गरोदर असल्याचे सांगू लागली तर अनुभवी बायकांची पंचायत नेमून तिची परीक्षा करीत, आणि पोटातील गर्भ हालता आहे असे त्यांनी सांगितले तर शिक्षा लांबणीवर पडे. ही चाल कायद्याच्या पुस्तकातून १९३१ साली गेली. गंमत अशी, की जी गोष्ट एकट्या त्या स्त्रीलाच ठाऊक, ती ठरवावयास बाकीच्या साऱ्या बायका बोलावल्या जात! या विचाराची सावली आपल्याकडेही पडली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपाताच्या गुन्ह्यात, गर्भ हालू लागल्यानंतरच्या अवस्थेसाठी अधिक कडक शिक्षा ठेवली, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेनेही तो भेद कायम राखला आहे.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे जी गर्भिणीलाही कळत नाही ती. या काळात तिच्या शरीरातील रक्त वाढत जाऊन अखेर जवळजवळ दीडपट होते. परंतु रक्तातील पाणीदार भाग जितका वाढतो तितक्या प्रमाणात तांबड्या पेशी वाढत नाहीत. त्यामुळे रक्त काहीसे पातळ होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. एवढे नैसर्गिकच आहे. पण मुळातच शरीरात लोहाचा साठा कमी असेल तर हा उतार थांबत नाही. भारतातील सरकारी कार्यक्रमात १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास गर्भिणीला रक्तक्षय आहे असे मानतात, आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी शेकडा ५२ या मर्यादेच्या खाली आढळल्या. यात विलक्षण ते हे, की ही उणीव हळूहळू येते व शरीर तिच्याशी जुळवून घेते. आठ ग्रॅमवर आलेली बाईदेखील स्वयंपाक, कचेरी, पाहुणे सारे उरकते आणि ‘थोडे थकल्यासारखे होते’ एवढेच म्हणते. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव झाला म्हणजे त्या थोड्या थकव्याची खरी किंमत कळते.

या रोगाच्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले आहे, ही गोष्ट मात्र मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई येथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय होत असे व त्यात पुष्कळजणी दगावत. लोह देऊन तो हटेना, कारण तो लोहाच्या अभावाचा नव्हताच. तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी उलट मोठ्या होत. बाईंनी रोगजंतूंचा शोध घेतला, तसाच या स्त्रियांच्या ताटात काय पडते याचाही घेतला. पुढे प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून काढलेला ‘मार्माइट’ नावाचा स्वस्त अर्क देताच रोगी सुधारतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कोणासच सांगता येत नव्हते. म्हणून त्यास ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फोलिक अॅसिड’ हे नाव मिळाले. परळ-लालबागच्या चाळींतील बायकांना जे मिळत नव्हते, ते हेच.

आज सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक गोळी देतात, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असते. (गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा निर्दोष व्हावा म्हणून द्यावयाचे फोलिक अॅसिड मात्र गर्भ राहण्याच्या आधीपासूनच घ्यावे लागते, पाचव्या महिन्यात ते काम उरत नाही.) गोळी चहाबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही, लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास अधिक लागते. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचास काळे होते, कधी बद्धकोष्ठ होते. एवढ्यावरून घाबरून गोळ्या फडताळात ठेवून देणाऱ्या सुशिक्षित स्त्रियाही थोड्या नाहीत.

रक्तदाबाचेही असेच. मधल्या महिन्यांत तो स्वभावतःच थोडा उतरतो आणि अखेरीस पूर्वपदावर येतो. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर तो चढलेला आढळला तर गोष्ट गंभीर समजावी. आरंभी त्याचे काहीही लक्षण नसते. दर भेटीस तो मोजणे व लघवी तपासणे एवढाच उपाय. मधुमेहाची परीक्षा २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात, आणि साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास उपचार सुरू होतात. गर्भाच्या अवयवांची ध्वनिलहरींनी तपासणी १८ ते २० आठवड्यांत होते. तीत मुलगा की मुलगी हे सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. डोहाळेजेवणाच्या वेळी झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, यावर हौस भागवून घ्यावी. त्या भाकितावर कोणाचे काही अडत नाही.

खाण्याच्या बाबतीत घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे दोन तट असतात. एक म्हणतो, दोन जिवांची आहे, दुप्पट खाल्ले पाहिजे. दुसरा म्हणतो, फार खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल. दोन्ही चूक. या काळात रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि वर पेलाभर दूध. उपाशी राहून बाळंतपण सोपे होत नाही. मूल मात्र अशक्त होते.

विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा माथा बेंबीपर्यंत येतो. तेथून पुढे उताणे निजल्यास त्याचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून काही जणींना घेरी येते. कुशीवर वळले की ती जाते. सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला ऐकू येऊ लागते, आणि मोठा आवाज झाला की तो दचकतो, हेही आईच प्रथम सांगते. हालचाल आता चाहुलीपुरती राहत नाही. रात्री अंथरुणावर पडताच लाथा सुरू होतात, दुपारी तो निजतो, पुन्हा जागा होतो. वरून हात ठेवल्यास पतीलाही कळते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास या हालचालींना प्रत्येक बाळाची अशी एक तऱ्हा येते व ती आईच्या अंगवळणी पडते. किती वेळा हालले याचा सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही; तिला नित्य जाणवते त्याहून कमी झाले, एवढेच पुरे. असे तिने सांगितले तर ‘बाळ झोपले असेल, सकाळी पाहू’ असे कोणी म्हणू नये. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, तिला सूतिकागृहात न्यावे आणि ठोके ऐकवून घ्यावे.