हँग झालेला फोन आणि तीन सर्कलांच्या शिवेवरची गावं

औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकातल्या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात मोबाईल आला तेव्हा त्याच्यासोबत एक नवा भूगोलही आला. दूरसंचारच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं, आंध्र तिसरं. आणि बीदर जिल्हा नेमका तिघांच्या शिवेवर. शेताच्या अलीकडच्या बांधावर कर्नाटकाचा टॉवर, पलीकडच्या बांधावर उदगीर-देगलूरकडचा. माणूस कामात असे आणि खिशातला फोन दिवसभर टॉवर शोधत, सोडत, पुन्हा पकडत राही. संध्याकाळी पाहावं तर बॅटरी उतरलेली, फोन गरम आणि बटणं दाबून दाबून अंगठा दुखला तरी पडदा ढिम्म. 'हँग झाला' म्हणून असे कितीतरी फोन दुकानात गेले, पण त्यांतल्या अनेकांना काहीच झालेलं नव्हतं. सेटिंगमध्ये नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल' करून आपल्या बाजूची कंपनी निवडली की फोन शांत होई. रोमिंगचे पैसेही वाचत, आणि त्या दिवसांत घरात बसून आलेला फोन उचलला तरी रोमिंग लागे. बीएसएनएलने 15 जून 2015 पासून रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं, 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आला आणि मग बाकीच्यांनाही ते पैसे सोडावे लागले. सीमाभागाला त्याचा किती दिलासा मिळाला, हे मुंबई-बेंगळुरूच्या माणसाला कळायचं नाही.

त्याआधीचे दिवस चायना मोबाईलचे. मोठा स्पीकर, दोन सिम, मेमरी कार्डात दुकानातून भरून आणलेली गाणी. आयएमईआय नंबर नसलेले फोन 1 डिसेंबर 2009 पासून बंद करायला सरकारने कंपन्यांना सांगितलं, तेव्हा त्यांतले बरेच एकाएकी मुके झाले. पण चालत होते तोवर त्यांच्या हँग होण्यावरचं औषध प्रत्येकाच्या हातात होतं. मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, थोडं थांबायचं, परत बसवायची. लहान पोरालाही हे येत होतं. यामागचं कारण सरळ आहे. वीज तुटली की रॅम रिकामी होते आणि तिच्यात माजलेला गोंधळ तिथेच संपतो. फोटो आणि नंबर दुसऱ्या, कायमच्या मेमरीत असतात, त्यांना धक्का लागत नाही. पुढे बॅटरी आत बंद झाली आणि हे औषध लोकांच्या हातून गेलं. खरं तर ते गेलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे. अनेक अँड्रॉइड फोनांवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-वीस सेकंद एकत्र दाबून धरलं की फोन जबरदस्तीने बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काहीही पुसलं जात नाही. पण विकताना हे कुणी सांगत नाही.

2014 च्या सप्टेंबरात अँड्रॉइड वन फोन आले, किंमत 6,399 रुपये. रॅम 1 जीबी, साठवण 4 जीबी, आणि तीतलाही मोठा हिस्सा सिस्टिमनेच व्यापलेला. त्याच वर्षाच्या शेवटी अँड्रॉइड लॉलीपॉपमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकदम मेनूत आल्या. एका घरात बाप मराठी वाचणारा आणि पोरगी कन्नड शाळेतली, अशा आमच्या भागात ही लहान गोष्ट नव्हती. ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटीही आपल्या लिपीत दिसू लागली. स्पर्श केल्यावर पाच सेकंदांत ॲपकडून हालचाल झाली नाही की सिस्टिम ती पाटी लावते. अशा वेळी आपण काय करतो? पडद्यावर टकटक करत राहतो. ते सगळे स्पर्श रांगेत साचतात आणि अडकलेला फोन आणखी अडकतो.

जिओनंतर डेटा स्वस्त झाला आणि फोन भरायला लागले. 2018 च्या जानेवारीत बातमी आली की भारतातले फोन अडकण्यामागे सकाळच्या शुभेच्छांची चित्रं आहेत, असं गूगलच्या शोधात दिसलं. वेस्टर्न डिजिटलच्या पाहणीनुसार तर भारतात तिनातल्या एका स्मार्टफोनची जागा रोज संपत होती. फूल, समई, महाराज, बसवण्णा, सूर्योदय, असं सगळं व्हॉट्सॲपवरून आपोआप उतरत होतं. साठवण काठोकाठ भरली की फोनला नवीन लिहायला मोकळी जागा सापडत नाही, प्रत्येक काम रेंगाळतं. त्यात मे महिन्यातलं कलबुर्गीचं ऊन. पारा चाळिशी ओलांडतो, ट्रॅक्टरवर ठेवलेला फोन तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. तेव्हा त्याला सावलीत ठेवणं, चार्जिंग काढणं आणि कव्हर उतरवणं एवढंच पुरतं.

दुकानात मात्र एकच वाक्य ऐकू येई: "सॉफ्टवेअर मारावं लागेल." तालुक्याच्या ठिकाणचं ते काउंटर डोळ्यांसमोर आणा. निळा रबरी मॅट, ब्रश, गरम हवेची गन, वायरींचा गुंता, आणि समोर बसलेली म्हातारी, जिच्या फोनात नातवाच्या बारशाचे फोटो आहेत. पोरगा फॉरमॅट मारतो, फोटो जातात, आणि फोन सुरू होऊन जुना जीमेल विचारतो. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, चोरीला आळा बसावा म्हणून हे कुलूप आलं. पण तो जीमेल फोन विकणाऱ्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कुठेच लिहिलेला नसतो. चोरासाठी बसवलेल्या कुलपाबाहेर मालकीणच उभी राहते. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. तो आधी करणाऱ्या दुकानदारावर मला राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही.

काही वेळा तर दोष फोनचाही नसतो, वापरणाऱ्याचाही नसतो. 2018 च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं 'ज्ञा' हे जोडाक्षर संदेशात आलं की आयफोनची ॲप कोसळत होती. झहीराबादच्या बाजूला शाळेतलं पोरगं जे अक्षर गिरवतं, ते जगातल्या महागड्या फोनांना पेललं नाही. काही दिवसांतच दुरुस्तीचा अपडेट आला. 23 मार्च 2021 ला अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू नावाच्या भागात बिघाड झाला आणि जगभर ॲप उघडताच बंद पडू लागली. प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करणं हा त्यावरचा इलाज होता.

गेल्या काही वर्षांत हँग होण्याची किंमत बदलली, कारण सरकारी काम फोनवर आलं. पलीकडे महाराष्ट्रात ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. 2 जीबी रॅमच्या त्या फोनांवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप चालत नव्हतं, फोन तापत आणि अडकत होते, ॲप इंग्रजीत होतं. 'बायकांना फोन वापरता येत नाही' हे वर्षानुवर्षं ऐकवलं जाणारं वाक्य त्यांनी फोनसकट परत केलं, असं मला वाटतं. रॅम किती घ्यायची हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या सगळ्या सार्वजनिक कामांवर एनएमएमएस ॲपवरची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. कर्नाटकात हे काम कायक बंधूकडे, म्हणजे मजुरांच्या मुकादमाकडे असतं. तलावातला गाळ काढायच्या कामावर, उन्हात, सिग्नलच्या एका दांडीवर तो फोन वर धरून उभा असतो. दुपारी फोन अडकला आणि दुसरा फोटो चढला नाही, तर सकाळपासून माती उपसणाऱ्या बाया-बाप्यांची हजेरी अडचणीत येते आणि शिव्या त्यालाच खाव्या लागतात. म्हणून आदल्या रात्री गॅलरी रिकामी करणं, व्हॉट्सॲपचं आपोआप उतरणं बंद ठेवणं, कामावर जाण्याआधी फोन एकदा बंद करून चालू करणं, हेही आता त्याच्या कामात मोडतं. बहुतेक ठिकाणी फोन त्याचा स्वतःचा आहे, रिचार्ज त्याचाच, आणि दुरुस्तीचं बिलही त्यालाच भरावं लागतं.