यंत्राने वाचवलेली फुरसत कोणाची?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला. माणसाला पशूसारखे नव्हे तर माणसासारखे जगायचे असेल तर फुरसत हवी आणि ती यंत्रच देऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे, हेही त्यांनी तिथेच बजावले.

आता लिहिणारे, बोलणारे, चित्र काढणारे यंत्र आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ते कोणाच्या घरी फुरसत घेऊन आले? कापूस वेचणारी आपली माय आजही कमरेला ओटी बांधून किलोच्या भावाने मजुरी करते. तिच्या कष्टाला या यंत्राने हात लावलेला नाही. हात घातला तो तिच्या शिकलेल्या लेकराच्या कामात!

कोर्टाच्या आवारात मी हे रोज पाहतो. टायपिंगची परीक्षा देऊन, एमएस-सीआयटी करून आपली मुले अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाईप करून देत, डीटीपीच्या दुकानात चौदा एप्रिलचे बॅनर तयार करीत. भूमिहीन घरातून शेतमजुरीबाहेर पडण्याची ती पहिली पायरी. आता पक्षकार मोबाईलवरच नोटिशीचा मसुदा करून आणतो (कलमे पुष्कळदा चुकीची असतात, तो भाग वेगळा) आणि बॅनरही घरीच तयार होतो. निकालांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' ही संगणकप्रणाली आणली. गरिबाला निकाल मराठीत वाचता येत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण भाषांतरावर पोट भरणाऱ्याने कुठे जावे, हे कोणी सांगत नाही. रिकामा झालेला त्याचा वेळ रील पाहण्यात जातो. त्याला फुरसत म्हणायचे की बेकारी?

आणि हे यंत्र तरी जातीबाहेरचे आहे काय? 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाने २०२५ साली ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-५ ची तपासणी केली. हुशार माणूस कोण, गटारे साफ करणारा कोण, अशा १०५ वाक्यांतील गाळलेली जागा भरायची होती. ८० वेळा यंत्राने मनुस्मृतीला शोभेल असेच उत्तर दिले. त्याच वृत्तांतात एका दलित संशोधकाचा अनुभव आहे. नोकरीचा अर्ज सुधारायला दिला, तर यंत्राने त्याचे आडनाव बदलून 'शर्मा' केले! उद्या नोकरीच्या अर्जांची छाननी हेच यंत्र करू लागले, तर त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? खाजगी कंपन्यांत आरक्षण तर नाहीच.

कामाच्या तासांचेही पाहा. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारे कारखाना दुरुस्ती विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली मांडले. तेव्हा संगणक नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये, यंत्रे माणसाचे काम क्षणात करतात म्हणून टाळ्या पिटल्या जात असताना, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सरकार म्हणते. टायपिंगचे काम सुटल्यावर आमचा मुलगा त्या कारखान्याच्या दारात उभा राहील, तेव्हा संमतीचा कागद नाकारण्याची त्याची ऐपत असेल काय?