डोली उचलणारे हात



गेली अनेक वर्षे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आपले दान पोहोचवण्याची सेवा मी करत आले. सहा वर्षांपूर्वी मात्र दान घेण्याची पाळी माझ्यावरच आली. उजवा पाय बधिर झाला, एका डोळ्याने धूसर दिसू लागले. एम.आर.आय. तपासणीनंतर निदान झाले: मल्टिपल स्क्लेरोसिस.

विजेच्या तारेवर वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच मेंदूतील व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते. मग मेंदूचे निरोप नीट पोहोचत नाहीत. तोल जातो, हातपाय जड होतात, विलक्षण थकवा येतो; उन्हात त्रास वाढतो. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही, भूतबाधा तर नाहीच. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. आजाराचे झटके कमी करणारी औषधे आहेत. पण ती महाग असून बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश आहे, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

आमच्या मंडळीने औषधासाठी वर्गणी जमवली, तेव्हा संकोचाने मी पाकीट परत केले. त्याच आठवड्यात पाड्यावरच्या एका आजींनी माझ्या हातात चार अंडी ठेवली. मी "नको" म्हणताच त्या रागावल्या. "आमचं घ्यायचं नाही, तर तुझं आम्ही कशाला घ्यायचं, बाय?"

मी अंडी घेतली. रविवारी पाकीटही घेतले.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून येशूकडे आणले. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजही आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागते. वाट लांब असते, म्हणून उचलणारे आळीपाळीने बदलतात. दीर्घ आजारातले दानही तसेच आहे. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा न चुकता येणारी लहान रक्कम अधिक कामाची ठरते, कारण तिच्या भरवशावर पुढच्या महिन्याचे औषध, बसभाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यांची तजवीज करता येते.

आपण देता तेव्हा आनंदाने द्या. आणि कधी घेण्याची वेळ आली, तर लाजू नका. तेही मंडळीचेच काम आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बहीण