मुळांनाही श्वास लागतो

आपल्या पुसेगाव-सेनगाव भागात झड लागली की सोयाबीन पिवळं पडतं, हळदीचे शेंडे करपतात. ‘पाणी जास्त झालं’ असं म्हणून आपण गप्प बसतो. पण पाण्यानं नेमकं काय बिघडतं?

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडं पाणी असतं, थोडी हवा असते. मुळं त्या हवेतला प्राणवायू घेतात. आपली काळी माती ओली झाली की फुगते, पोकळ्या मिटतात. वर पाणी थांबलं तर एक-दोन दिवसांत आतला प्राणवायू संपत येतो. मग अन्न जवळ असूनही मुळांना ते उचलता येत नाही. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीही मंदावतात. गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती पिकाला नत्र पुरवते आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर काम थांबलं समजा. हळदीत तर अशा ओलीत कंदकुजीची बुरशी फावते.

जगात काही जमिनींत पाणी कायमच साचलेलं असतं. उत्तर युरोप, रशिया, कॅनडा इथं अशा मोठ्या दलदली आहेत. हवा नसल्यामुळं तिथं मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही. हजारो वर्षं थरावर थर चढतो. त्याला पीट म्हणतात. अन्न त्या थरातच अडकतं, म्हणून तिथं सरावलेल्या वनस्पतीच तगतात. आपल्याकडं साताऱ्याच्या कास पठारावर ओल्या, निकस मातीत ‘सीतेची आसवं’ फुलतात. जमिनीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून ती अन्नाची तूट भरून काढतात. भाताच्या खोडातही मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. हळदीला अशी सोय नाही. तिची सोय आपणच करायची.

हळद गादीवाफ्यावर, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्यावं. पाणी साचलं की आधी चर काढून ते नाल्याकडं वळवावं, शेजारणीच्या शेतात सोडू नये. उभ्या पाण्यात युरिया टाकू नये; त्यातलं बरंच नत्र वाया जातं. चिखलात चालणं टाळावं, माती आणखी दबते. कुजलेले कंद मातीसकट उचलून शेताबाहेर न्यावेत.

आता मुद्द्याचं बोलू. निंदण-खुरपण आपणच करतो. पाय कुठं रुततो, कुठल्या कोपऱ्यात पीक आधी पिवळं पडतं, हे आपल्याला सगळ्यांत आधी कळतं. पण चर कुठून काढायचा हे ठरताना आपल्याला कोण विचारतं? हळदीचा कंद आठ-नऊ महिने जमिनीत असतो. तो कुजला तर लेकरांची फी, दुकानाची उधारी, सगळंच अडतं. म्हणून यंदा पाणी थांबेल तिथं काठी रोवून ठेवा. पाऊस उघडला की घरच्यांना ती जागा दाखवा आणि चर तिथूनच काढायला लावा.