लंडनच्या सॉलिसिटर-पेढींतील उमेदवारी

पदवी हातीं आली, कीं जागा आपोआप मिळते, हा समज विलायतेंत सॉलिसिटर होऊं इच्छिणाऱ्या तरुणास फार नडतो. लंडनमधील व्यापारी कायद्याच्या मोठ्या पेढ्या आपले उमेदवार बहुधा दोन वर्षें आधींच निवडून ठेवतात. म्हणून कायद्याचा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षीं व इतर विषयांचा शेवटच्या वर्षीं अर्ज करतो.

उमेदवारी दोन वर्षांची असते; बहुतेक ठिकाणीं सहा-सहा महिने चार खात्यांत काम शिकावें लागतें. शिवाय सन २०२१ पासून नवी परीक्षा सुरू झाली असून, तिच्या पहिल्या भागांतच ३६० प्रश्न असतात.

निवड मात्र केवळ गुणांवर होत नाहीं. एक कंपनी दुसरी विकत घेते, तेव्हां कर्ज कोण देतो, कामगारांचें काय होतें, जोखीम कोणाच्या माथीं बसते, हें ज्यास उमगतें, तोच अशिलाच्या उपयोगी पडतो. ही पारख पुष्कळ पेढ्या सुट्टींतील कांहीं आठवड्यांच्या शिकाऊ कामांत करतात. एकच मजकूर सर्व पेढ्यांस धाडणारा तत्काळ ओळखूं येतो.

विद्यार्थ्यांनो, पेरणीचा पाऊस ओसरल्यावर शेत नांगरून काय उपयोग? तयारी आधींच हवी.