रुग्णसुरक्षा (लेखांक ५) : सिरिंज बदलली की डोस बदलतो

मागच्या लेखांकात आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल बोललो. औषध जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाली, हेही पाहिले. पण चिठ्ठी स्वच्छ असली तरी औषध रुग्णाच्या अंगात जाईपर्यंत अनेक हातांतून जाते. आज त्या वाटेवरची शेवटची ठिकाणे पाहू : वॉर्डातले कपाट, ट्रे आणि सिरिंज.

इन्सुलिनचेच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही त्यानुसार दोन : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. रात्रपाळीच्या मंद उजेडात लाल कोणते आणि नारिंगी कोणते, हे चटकन कळत नाही.

समजा, केसपेपरवर २० युनिट लिहिले आहेत. कुपी १०० ची आणि हाती आलेली सिरिंज ४० ची. सिस्टरने २० च्या रेषेपर्यंत अचूक भरले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट येतात. अडीचपट डोस! साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपू शकते. रुग्ण झोपेत असेल तर हे वेळेवर लक्षातही येत नाही.

उलट घडले, म्हणजे कुपी ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर २० ऐवजी ८ युनिटच जातात. साखर उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कधीतरी योग्य सिरिंज हाती येते आणि तो वाढीव डोस पुरताच्या पुरता अंगात जातो.

या दोन्ही प्रसंगांत सिस्टरने आकडा बरोबर वाचला आणि बरोबर मोजला. तिला नुसते 'लक्ष देत जा' म्हणून काय साधणार? लक्ष द्यायचे आहे ते व्यवस्थेने. एका वॉर्डात एकाच तीव्रतेचे इन्सुलिन ठेवावे. कुपी आणि तिची सिरिंज एकाच डब्यात असावी. टोचण्यापूर्वी दुसऱ्या सिस्टरने कुपी, सिरिंज आणि डोस स्वतंत्रपणे तपासावा. केसपेपरवर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण घाईत लिहिलेले इंग्रजी 'यू' शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात.

दुसरे औषध पोटॅशियम क्लोराइड, वॉर्डातल्या बोलीत केसीएल. ते सलाईनमध्ये पुरेसे पातळ करून, सावकाश द्यायचे असते. तसेच थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. द्रावण मात्र पाण्यासारखे रंगहीन आणि अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशी सहज गल्लत होईल अशी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यांत अशा तीव्र द्रावणांवरील नियंत्रणाचाही समावेश होता. उपाय साधा आहे : साध्या वॉर्डाच्या कपाटातून केसीएल काढून टाकायचे. जिथे ठेवणे भागच आहे, त्या अतिदक्षता विभागात ते वेगळ्या, कुलूपबंद, ठळक लेबलच्या डब्यात ठेवायचे. कपाटात नसलेली अँप्यूल चुकून उचलली जात नाही.

याच संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे जागतिक उद्दिष्ट ठेवले. ती मुदत उलटून गेली आहे; पण अशी हानी कमी करायची तर थोडक्यात टळलेल्या चुकाही नोंदल्या गेल्या पाहिजेत. चूक सांगितली की हातात मेमो पडणार असेल, तर कोणतीही सिस्टर ती सांगणार नाही, आणि पुढच्या पाळीत तोच घोटाळा दुसऱ्या कुणाच्या हातून होईल. रुग्णालय चालवणाऱ्यांनी ही भीती आधी दूर करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नातेवाइकांनाही करण्यासारखे बरेच आहे. घरी चालू असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढ्यांसह, एका पिशवीत घालून भरती होताना दाखवा. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर न विचारता सांगा. इंजेक्शनपूर्वी सिस्टरने रुग्णाचे नाव पुन्हा विचारले तर वैतागू नका, ती तिचे काम चोख करते आहे. आणि 'सिस्टर, हे कशाचे इंजेक्शन?' असे विचारायला संकोचू नका.

(पुढील लेखांकात : डिस्चार्ज कार्ड आणि घरी गेल्यावर होणारी औषधांची सरमिसळ)