निर्णय झाला, पण घेतला कोणी? मुंग्यांच्या स्थलांतराविषयी

मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातल्या सोळा पदार्थांपैकी ‘निर्णय’ पाहिला. आधी संशय, मग पक्ष-प्रतिपक्ष तोलणं, आणि त्यातून होणारा निश्चय तो निर्णय. यात एक गोष्ट आपण न बोलता धरून चालतो, की हे तोलणारा कुणीतरी एक असतो. आज ते गृहीत जरा तपासू या. त्यासाठी मुंगीकडे जाऊ.

मुंगीचं नाव टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर खडकांच्या फटींत राहते. लांबी २-३ मिलिमीटर, आणि वसाहतीत फार तर काहीशे मुंग्या. त्यामुळे अख्खं गाव टेबलावर मावतं. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवली की यांचं घर तयार, आणि वरची काच उचलली की घर मोडलं. ब्रिस्टल विद्यापीठातले नायजेल फ्रँक्स आणि त्यांचे सहकारी, पुढे अमेरिकेत स्टीफन प्रॅट, यांनी हेच वारंवार करून पाहिलं. घर मोडायचं, दोन-तीन पर्यायी घरं ठेवायची आणि बघत बसायचं.

घर मोडलं की काही मुंग्या शोधाला निघतात. यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. आत अंधार हवा, दार अरुंद हवं, जागा पुरेशी हवी. आता अंधारात जागा किती आहे हे मोजणार कसं? पहिल्या फेरीत मुंगी आत फिरताना स्वतःच्या वासाची रेघ सोडते. दुसऱ्या फेरीत ती रेघ किती वेळा ओलांडली जाते, यावरून तिला अंदाज येतो. वारंवार ओलांडली तर जागा लहान. अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच विद्वानाने सुईचं एक गणित मांडलं होतं, त्याच्याशी ही रीत जुळते, असं २००० साली एमन मॅलन आणि फ्रँक्स यांनी दाखवलं. मुंगीला गणित येतं असं मात्र कृपया कुणी लिहून घेऊ नका. तिला रेघ ओलांडता येते, एवढंच.

जागा पाहून झाली की ती परतते आणि थांबते. जागा चांगली असेल तर थोडाच वेळ, यथातथा असेल तर बराच. सगळ्या प्रकाराची किल्ली या थांबण्यात आहे. मग ती एका सोबतिणीला घेऊन निघते. पुढची चालते, मागची तिच्या पाठीला मिशा लावत येते. मागचीचा स्पर्श सुटला की पुढची थांबून राहते. याला ‘टँडम रनिंग’ म्हणतात, आपण जोडचाल म्हणू. नेलेली मुंगी तिथे पोचली की नेणारीचं ऐकून लगेच प्रचाराला लागत नाही. ती जागा स्वतः तपासते, स्वतः थांबते, आणि मगच तिसरीला आणते. चांगल्या जागेसाठी थांबणं कमी, म्हणून तिथली गर्दी लवकर वाढते. खरं म्हणजे बहुतेक मुंग्यांनी एकच जागा पाहिलेली असते. दोन घरं शेजारी ठेवून तुलना कुणीच केली नाही तरी चालतं. तुलना होते ती वाट बघण्याच्या वेळांत.

नव्या जागी आपल्या बहिणी ठरावीक प्रमाणात भेटू लागल्या की शोधक मुंग्यांची वागणूक एकदम बदलते. जोडचाल बंद, उचलाउचल सुरू. उरलेल्या मुंग्या, पिल्लं, राणीसुद्धा (हो, राणीलाही कुणी विचारत नाही!) सरळ उचलून नेतात. उचलून नेणं जोडचालीच्या सुमारे तिप्पट वेगाचं. शास्त्रज्ञ या उंबरठ्याला ‘कोरम’ म्हणतात. आपल्या हाउसिंग सोसायटीत कोरम भरला की सभा सुरू होते, इथे कोरम भरला की सभा संपते. गंमत अशी, की हा उंबरठा पक्का नाही. घर मोडलेलं असेल, वारा अंगावर येत असेल, तर मुंग्या कमी संख्येवरच उचलाउचल सुरू करतात. घाई केली की चुकीचं घर निवडण्याची शक्यता वाढते. कधी वसाहत दोन घरांत विभागली जाते आणि नंतर पुन्हा एकत्र यावं लागतं.

आता आपल्या प्रश्नाकडे. तोलणं झालं, निश्चयही झाला, पण तोलणारी एकही मुंगी दाखवता येत नाही. मग याला निर्णय म्हणायचं की नुसती घटना? ताकाओ सासाकी आणि प्रॅट यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. दोन घरं अशी, की एकात अंधार जास्त पण दार मोठं, दुसऱ्यात दार लहान पण उजेड. त्यात तिसरं, उघडच कमी प्रतीचं घर ठेवलं. थिएटरात पॉपकॉर्नचा मधला आकार मोठा खपवायला ठेवतात ना, तसं. एकट्या मुंगीची पसंती त्या तिसऱ्यामुळे ढळली. वसाहतीची ढळली नाही. एकटीने सगळं पाहिलं म्हणून ती फसली, आणि वसाहतीत प्रत्येकीने थोडंच पाहिलं म्हणून सगळ्या वाचल्या, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

पण लगेच ‘समूह शहाणा’ म्हणून मोकळं होऊ नका. २०१३ सालच्या प्रयोगात दोन घरांतल्या उजेडाचा फरक बारीक होता तेव्हा वसाहत सरस ठरली. फरक ढळढळीत होता तेव्हा एकटी मुंगीच बरी ठरली. आमच्या मते वसाहतीला निर्णय घेणारी म्हणायला हरकत नसावी, कारण चुकण्याचे तिचे प्रकार मुंगीच्या चुकण्याहून वेगळे आहेत. ज्याला स्वतःची चूक करता येते, त्याला कर्ता म्हणायला आम्ही फार कचरत नाही. शंका असतील त्यांनी जरूर मांडाव्यात.

जाता जाता आपल्याकडची मुंगी. भारतात डायकॅमा इंडिकम नावाची जात आहे, तिच्यावर कोलकात्याच्या आयसरमध्ये सुमना अन्नागिरी यांच्या गटाने काम केलं आहे. हिच्यात वेगळी राणी नसते, आणि घर बदलताना मोठ्या मुंग्यांना उचलून नेण्याची पद्धतही नाही. पिल्लं तेवढी उचलायची. बाकी प्रत्येकीला जोडचालीनेच, एकेक करून, नव्या घरापर्यंत चालवत न्यायचं.